सात मिनिटांचा उतारा

मुठा गावात साधनाताईंच्या घरी नेट जोडायला गेलो, तेव्हा पहिला प्रश्न त्यांच्या सासूबाईंनी विचारला.

"ह्या तारंतनं करंट येतो का?"

"नाही आजी. ही काचेची तार आहे, हिच्यातून उजेड जातो."

"मंग लाइट गेल्यावर घरात उजेड पडंल का हिचा?"

"नाही."

"मंग काय उपेग?" असं म्हणून साळूबाई आत गेल्या.

मी सौरभ. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि पौडला एका केबलवाल्याकडे घरोघरी फायबर जोडायच्या कामाला लागलो. लोक नेट कशासाठी घेतात हे सहसा विचारावं लागत नाही, टीव्ही किती मोठा आहे त्यावरून कळतं. या घरात टीव्हीवर कापड टाकलेलं होतं. म्हणून मी विचारलं.

"टायपिंगसाठी," साधनाताई म्हणाल्या. बाकीचं मला सासऱ्यांकडून, हैबतरावांकडून कळलं.

त्यांचा मुलगा शेखर पौडला एका सरकारी कार्यालयात लिपिक होता. दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या छातीत कळ आली. चुलतभाऊ जयसिंग त्या दिवशी टेंपो घेऊन पौडातच होता. त्यानं शेखरला उचलून टेंपोत घातलं आणि पुण्याच्या रस्त्याला लागला. भूगावच्या पुढं सगळं संपलं. चार महिन्यांनी साधनाताईंना अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळाली. तेच कार्यालय, त्याच्या टेबलापासून दोन टेबलं सोडून पलीकडची खुर्ची. अट एकच होती. दोन वर्षांच्या आत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द. नाहीतर नोकरी जाणार. वीस महिने होऊन गेले होते. एकदा बसल्या होत्या, नापास झाल्या होत्या. आता मुदतीच्या आत एकच परीक्षा उरली होती.

पौडातल्या टायपिंग क्लासला संध्याकाळी थांबलं की पिरंगुटहून मुठ्याकडं येणारी शेवटची गाडी चुकायची. म्हणून क्लासवाल्यांनी त्यांना घरून सराव करायला वेबसाइट दिली. लॅपटॉप भावानं पाठवला. तो तीन आठवडे खोक्यातच होता.

मी खोकं उघडलं. साधनाताई समोर पाटावर बसल्या. चालू करायचं बटण दाखवलं, तर त्यांनी त्यावर बोट दाबून धरलं, सोडलंच नाही. लॅपटॉप चालू होऊन बंद झाला.

"किती वेळ दाबायचं?"

"एकदा दाबून सोडायचं, ताई."

त्यांनी वही काढली आणि लिहिलं, 'सदर बटण एकदाच दाबावे.' ऑफिसात टिपणी लिहितात तसं. मग झाकण, चार्जर, वायफायची खूण, वेबसाइटचं नाव, सगळं त्याच भाषेत उतरवून घेतलं. 'पान उघडेपर्यंत प्रतीक्षा करावी.' मला हसू आलं, त्यांना नाही. मुलगी आरोही शेजारी बसून कीबोर्डच्या बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवत होती. एक उलटं बसलं, ते कुणीच काढलं नाही.

राऊटरला नाव द्यायची वेळ आली. "काय ठेवू?"

"शेखरचं ठेव," हैबतराव म्हणाले.

"नको मामा," साधनाताई सासऱ्यांना म्हणाल्या. "घराचा नंबर टाका. एकशे चौदा."

पासवर्ड त्यांनी मलाच ठरवायला सांगितला. मी ठरवला आणि कागदावर लिहून दिला. तो कागद हैबतरावांनी हातात घेतला, चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "पण नेट म्हंजी नेमकं येतं काय घरात?"

हे मला कुणी विचारलं की मी खूश होतो. मुठा नदीवर त्यांच्या भावकीची सामाईक मोटर होती. कुणाच्या शेताला कधी पाणी, ती पाळी हैबतराव तीस वर्षं ठरवत होते. ओटीवर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला ती लिहिलेली दिसत होती. मी म्हटलं, "बाबा, नदी म्हणजे इंटरनेट. ही तार म्हणजे पाइपलाइन. ही डबी म्हणजे शेताच्या बांधावरचं पाणी सोडायचं दारं. पासवर्ड असेल त्याला दारं उघडतं."

"असं व्हय," हैबतराव म्हणाले. "मंग सोपं हाय की."

इतकं चांगलं समजावलं म्हणून मी घरी जाताना स्वतःवरच खूश होतो.

तीन आठवड्यांनी ताईंचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती. "पान थांबतं. घड्याळ थांबत न्हाई."

परीक्षेतला उतारा सात मिनिटांचा असतो. वेबसाइटवर तसाच सराव, आणि घड्याळ उलटं पळत असतं. पान अडकलं की टाइप केलेली अक्षरं दिसत नाहीत, मिनिटं मात्र जातात. मी गेलो, फोनवर राऊटरची यादी उघडून बघितली. तेवीस फोन, दोन टीव्ही आणि चार कॅमेरे जोडलेले होते.

"ताई, तुमच्याकडे कॅमेरे आहेत?"

"न्हाईत."

ओटीवर गेलो. कॅलेंडरवर पाण्याच्या पाळीखाली, हैबतरावांच्या ठसठशीत अक्षरात, मी दिलेला पासवर्ड लिहिलेला होता. भावकीतलं कुणीही पाळी बघायला येई, पासवर्ड फोनमध्ये घालून जाई. काहींना बाबांनी स्वतः बोलावून सांगितलं होतं. आणि कॅमेरे होते शेजारच्या फार्महाउसचे. मालक पुण्यात, राखण जयसिंगकडं. आधीचं नेट मालकानं बंद केलं होतं, तर जयसिंगनं चारही कॅमेरे एकशे चौदावर घातले. ते दिवसरात्र पुण्याला चित्र पाठवत बसलेले.

"बाबा, हे सगळ्यांना का दिलं?"

"तूच म्हन्लास ना, पाणी हाय म्हून." हैबतराव गोंधळून माझ्याकडं बघत होते. "भावकीला पाणी न्हाई म्हनायचं? तसं कदी झालं न्हाई आमच्यात."

चूक त्यांची नव्हती. पाण्याला पाळी असते, नेटवर सगळे एकदम तुटून पडतात आणि प्रत्येकाचं कमी होतं, हे मी सांगायला विसरलो होतो.

"पासवर्ड बदलू या," मी म्हटलं.

"थांब," हैबतराव म्हणाले. "जयसिंगची नोकरी हाय त्या कॅमेऱ्यांवं. त्यानंच न्हेला शेखरला. त्याच्या टेंपोत गेला पोरगा. त्याला मी काय सांगू?"

साधनाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. त्या म्हणाल्या, "तुमी नका सांगू, मामा. मी सांगते."

त्यांनी हात धुतले, पाटावर बसल्या आणि मला विचारलं, "कसं बदलायचं?"

मी हात लावला नाही, नुसतं सांगत गेलो. कुठं जायचं, काय उघडायचं. नवा पासवर्ड त्यांनी स्वतः टाइप केला. मला तोंड फिरवायला सांगितलं नाही, तरी मी फिरवलं. एका क्षणात राऊटरवरून सगळे गळाले. मग एकच नाव परत आलं, ताईंचा लॅपटॉप.

अर्ध्या तासात जयसिंग आला. चाळिशीचा, पायात गमबूट. चप्पल काढण्याच्या जागेपाशीच थांबला.

"वहिनी, मालकाचा फोन आलाय. कॅमेरं दिसंनात."

"बदलला पासवर्ड."

"मंग नवा सांगा."

"न्हाई सांगणार, भावजी."

जयसिंग हसला. त्याला गंमत वाटली असावी. "सायब झाल्या का वहिनी? आता भेटायच्या आधी आत चिठ्ठी पाठवायची व्हय?"

"परीक्षा हाय. पान थांबतंय."

"चार कॅमेरं हायेत. त्यानं काय एवढं?"

मी मधे बोललो, की ते चार कॅमेरेच सगळ्यात जास्त नेट खातात. जयसिंगनं माझ्याकडं बघितलं. "तू तारवाला ना? तार बघ."

मग तो हैबतरावांकडं वळला. "काका, तुमी गप का?" हैबतराव जमिनीकडं बघत राहिले.

"शेखर असता ना," जयसिंग म्हणाला, "तर असं झालं नसतं."

"असता तर मला टायपिंगच करायला लागलं नसतं," साधनाताई म्हणाल्या. पीठ मळायला सांगितल्यासारख्या आवाजात. रागावून नाही, रडून नाही.

जयसिंग गेला. साळूबाई आतून बाहेर आल्या. "एवढ्याशा डबीपायी भावकी तोडलीस." ताईंनी लॅपटॉप पुढं ओढला आणि उतारा सुरू केला. सात मिनिटांत पान एकदाही थांबलं नाही. शब्द बावीस आले.

त्यानंतर मी दोनदा गेलो. एकदा जेसीबीनं तार तोडली म्हणून, एकदा मुद्दाम. बाकीचं आरोही फोनवर सांगायची. ताई ऑफिसातून यायच्या, चहा न घेता बसायच्या. चोवीस, तेवीस, सव्वीस. आरोही बाजूला अभ्यास करायची. सव्वीसवर दहा दिवस गाडी अडली, तेव्हा मी म्हटलं, "होईल ताई." त्या म्हणाल्या, "बघू." जेवण उभ्यानंच करायच्या. रविवारी शेत, बाकी दिवस ऑफिस, संध्याकाळी उतारा. दुःख होतं का, हे मला सांगता येणार नाही. मी कधी बघितलं नाही. ऑफिसातला शिपाई एकदा मला म्हणाला होता, की शेखरचं टेबल पुसायला बाई कधी दुसऱ्याला सांगत नाहीत, पण पुसतानाही थांबत नाहीत.

पितृपक्षात शेखरच्या तिथीला भावकीला जेवणाचं बोलावणं गेलं. जयसिंगच्या घरचं कुणी आलं नाही. साळूबाईंनी त्यांची पानं दुपारपर्यंत वाढून ठेवली होती. चार वाजता साधनाताईंनी ती उचलली, भाजी पातेल्यात काढली आणि पत्रावळी गोठ्याकडं नेल्या.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी मी त्या बाजूला दुसऱ्या घरी होतो, तिथून गेलो. साधनाताईंनी स्वतः पान उघडलं, बैठक क्रमांक टाकला. 'उत्तीर्ण' असं आलं. त्यांनी वाचलं. हैबतरावांना दाखवलं, त्यांनी चष्मा शोधला. साळूबाई म्हणाल्या, "म्हंजी नोकरी ऱ्हायली?"

"ऱ्हायली."

मग साधनाताईंनी एका चिठोऱ्यावर नवा पासवर्ड लिहिला आणि चिठोरं माझ्या हातात दिलं. "जयसिंग भावजींना द्या. दिवसभर नेट रिकामंच असतं आता."

जयसिंग फार्महाउसच्या तलावातून जाळीनं पानं काढत होता. चिठ्ठी वाचून त्यानं विचारलं, "पास झाल्या?"

"झाल्या."

"किती पडले?"

"मार्क नाही बघितले मी."

"कॅमेऱ्याला मालकानं सिमवरच्या नेटचा डबा बसवलाय. कवाच." त्यानं चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. "आजून काय म्हन्ल्या?"

"काही नाही."

"मंग ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि जाळी परत पाण्यात घातली.

मी परत येऊन सांगितलं. जयसिंगनी चिठ्ठी ठेवून घेतली, पण कॅमेऱ्याला नेट आहे म्हणाले, घरी येतो म्हणाले नाहीत. साधनाताई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. "बरं," म्हणाल्या. थोड्या वेळानं विचारलं, "सोमवारी ऑफिसात निकाल द्यायला लागंल. पिरंगुटात प्रिंट कुठं मिळंल?"

मी दुकान सांगितलं.