बर्फाला नमस्कार

वन्सं गेल्याचा साताऱ्याहून फोन आला, तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलेच होते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, माझ्या रेवाची आत्या. सासरच्या एका लग्नासाठी गेल्या होत्या. दोहाच्या विमानतळावर निरोप घेतानाही मला ऐकवत होत्या, "चूक त्या परीक्षकांची होती, माझी नव्हे." या परत, मग बोलू, म्हटलं मी. आणि ही बाई झोपेतच निघून गेली… आता बोलू कोणाशी?

एकट्या पडल्या म्हणून त्या दोहाजवळ अल रय्यानला आमच्याकडे राहायला आल्या आणि रेवाला मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर न्यायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. बाहेर अंग भाजून निघतंय आणि ह्या स्वेटर, कानटोपी, पायमोजे चढवून गाडीत. आयुष्यभर शाळेच्या गॅदरिंगचे नाच बसवले होते, त्यामुळे फिगर स्केटिंगमधलंही आपल्याला सगळं कळतं यावर ठाम विश्वास. कोच "यल्ला, रेवा", म्हणजे चल आता, म्हणाली की ह्या कठड्यावरून, "थांब गं, आधी नमस्कार." जिथे नाचायचं त्या जागेला हात लावून डोळ्यांना लावायचा, मगच नाच. एरवी मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी रेवा हे मात्र मुकाट्यानं करायची.

गेल्या हिवाळ्यात ती युरोपात हिवाळी खेळांच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरली. आम्ही दोघी सोबत. नाव पुकारलं की लगेच जागा घेऊन उभं राहावं लागतं. आमची कन्या मधोमध गेली, हातमोजा काढला, वाकली, नमस्कार केला आणि हातमोजा पुन्हा चढवत बसली. उशीर झाला म्हणून एक गुण कापला आणि तेवढ्यानंच पदक हुकलं. पोर रडून रडून लाल.

"तुमच्या नमस्कारापायी गेलं," मी वन्संना म्हटलं.

"पडली का? नाही ना? मग?"

वर्षभर चहाला हाच विषय, जेवताना हाच. नवरा "खलास" म्हणून ताटावरून उठायचा.

यंदा तीच स्पर्धा, वन्संशिवाय. नमस्कार नको, असं कोचनं मला बजावलं होतं. रेवाला सांगायला मी तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "बट मॉम, आय कॅन डू इट इन द वॉर्म-अप, नो?" स्पर्धेआधी सगळ्या मुलींना सरावाला बर्फावर सोडतात, तेव्हाच करून टाकायचा. मी कपाळावर हात मारला. इतकी साधी तोड दोन शहाण्या बायकांना वर्षभर सुचली नाही. सुचेल कशी? आम्हाला तोड नकोच होती, भांडण हवं होतं… इथे परमुलखात माझ्याशी इतक्या हक्कानं भांडणारं दुसरं होतं कोण?

रेवानं सरावातच नमस्कार उरकला. नाव पुकारल्यावर अगदी वेळेत उभी राहिली आणि दुसऱ्याच उडीत आपटली. हॉटेलवर तिचा सुजलेला गुडघा शेकताना माझ्या तोंडून निघालं, "सरावातला नमस्कार म्हणजे काही खरा नमस्कार नव्हे."

रेवा माझ्याकडे बघतच राहिली. काय करणार, वन्सं? तुमची बाजू घ्यायला आता दुसरं कोणी नाही.