मागच्या दाराच्या टोप्या

सिंधूचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. दत्तूच्या दौंडच्या दवाखान्यात पहिल्यापासून काम करणारी ही सिंधू, कधी आवाज न चढवणारी. "आक्का, सर खुर्चीतच बसल्यात... उठंनात," एवढंच ती म्हणाली. मी रिक्षानं पोचेपर्यंत माझा धाकटा भाऊ गेलेला होता. हार्ट अटॅक. दुपारचं ऑपरेशन आटोपून तो चहाला बसला होता. त्या वेळी ज्याचं डोकं बांधून झालं होतं तो पेशंट आत कपडे घालत होता. सिंधूनं त्याला हाक मारली, "भाऊ, जरा हात लावा, सरांना आडवं करू." तर तो भला माणूस डोक्याला टोपी लावून मागच्या दारानं निघून गेला! बाहेर माणसं जमतील आणि त्याला तिथं कुणीतरी बघेल, म्हणून. महिना होत आला, पण ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दत्तू केस लावायचा. टक्कल पडलेल्या माणसाच्या मागच्या भागातले केस मुळासकट काढायचे आणि पुढच्या रिकाम्या जागेत एकेक करून रोवायचे, हे त्याचं काम. आम्ही न्हावऱ्याचे, ऊस लावणारी माणसं, त्यामुळे आमची आई त्याला विचारायची, "झाली का रं लागण आज?" आणि तो म्हणायचा, "झाली की. आता पाणी जपून द्यायचं." सर्जन होऊन आला तेव्हा गावाला वाटलं होतं, पोरगं पोटाची ऑपरेशनं करील. हे कळल्यावर पारावर दात काढायला सुरुवात झाली. "डॉक्टर, दाढीचं किती घेता?" असं त्याला तोंडावर विचारलेलं मी ऐकलंय. तो हसून सोडून द्यायचा. मला नाही सोडता यायचं. मी एकदा चिडून म्हणाले, "कशाला करतोस असलं काम?" तर म्हणाला, "आक्का, आरशासमोर उभं राहून मान खाली घालणारा गडी मला बघवत न्हाई. त्येला पोरगी बघायला जायचं असतंय, आन् ह्यो घराबाहेर पडंना." त्यानंतर मी विचारलं नाही.

पण गंमत बघा. जे पारावर हसायचे, तेच गुपचूप दौंड गाठायचे. स्टेशनच्या अंगाला त्याचा दवाखाना, पुढं रस्ता, मागं पिठाच्या गिरणीचा बोळ. एकही माणूस पुढून यायचा नाही. "डॉक्टर, पाटीवर केसांचं काय लिहू नका, आमच्या गाड्या ओळखतात लोक," अशा विनवण्या. म्हणून माझ्या भावानं आयुष्यभर पाटीवर फक्त 'त्वचारोग' लिहिलं. ज्या कामात त्याची हयात गेली, त्याचं नाव त्याच्याच दारावर नव्हतं.

आणि त्यांच्यातला तो एक. नाव घेणार नाही. पाटसकडचा, सोसायटीच्या राजकारणातला मोठा माणूस. त्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे वडील वारले. दशक्रियेला थोरल्या मुलानं डोकं भादरायचं, आपल्याकडची रीतच. डोक्यावर अजून खपल्या होत्या, मुळं धरायची होती. दत्तू स्वतः घाटावर गेला. वस्तरा काढलेल्या माणसाला म्हणाला, "मामा, पुढचा भाग राहू द्या." चुलते पुढं झाले, "का? बापासाठी केस देत न्हाई व्हय?" दत्तूनं त्या पेशंटकडं पाहिलं. एक शब्द पुरला असता. त्यानं डोळ्यांनीच 'नको' म्हटलं... आणि दत्तू मूग गिळून उभा राहिला. ओलं डोकं चोळलं गेलं, वस्तरा फिरला, खपल्यांबरोबर सगळी लागण निघून आली. घरी आल्यावर त्यानं ताट भिंतीवर भिरकावलं. आमचा दत्तू, ज्यानं कधी कुणाला 'अरे' म्हटलं नाही! पुढं मागच्याच केसांत काटकसर करून त्यानं तेच डोकं पुन्हा उभं केलं. मी म्हटलं, "हाकलून द्यायचं होतंस." म्हणाला, "त्याला लाज वाटती, आक्का. त्यो काय गुन्हा हाय का?"

गुन्हाच आहे! दत्तूच्या दशक्रियेला न्हावऱ्यात पहिलं भाषण कुणी केलं असेल? त्यानंच. झुलपांवरून हात फिरवत तो बोलला. "डॉक्टर शिक्षणप्रेमी होते, मनमिळाऊ होते, त्वचारोग्यांचे आधार होते." त्याच्यामागं बाकीचे. समाजसेवक काय, दानशूर काय. जो तो दत्तूला काहीतरी ठरवत होता, फक्त जे त्यानं केलं ते कुणी तोंडातून काढेना. नदीकाठी सतरंजीवर बसून मी वाट पाहत होते, एक जण तरी ते म्हणेल. शेवटी मी उठले. बायका माईक धरत नाहीत आमच्याकडं, मी धरला.

"माझा भाऊ केस लावायचा," मी म्हणाले. "लय सुंदर लावायचा. इथं बसलेल्या कितीजणांना लावले ते मला माहीत हाय. नावं त्यानं कधी घेतली न्हाईत, मीबी घेणार न्हाई. पण त्याचं काम तरी घ्या की रं तोंडानं!"

दोन-चार हात नकळत डोक्याकडं गेले, तेवढं मी पाहिलं. तो पाटसचा माणूस चपला शोधायला लागला. मग पिंडाला कावळा शिवला आणि सगळे मोकळे झाले.

दवाखान्याच्या मागच्या दाराशी खिळ्यांची एक रांग आहे. पेशंट टोपीनं डोकं झाकून यायचे. ऑपरेशननंतर ती घट्ट टोपी मुळांना घासू नये म्हणून दत्तू त्यांना सैल, धुतलेली टोपी द्यायचा, आणि जुनी तिथंच खिळ्याला राहायची. न्यायला कोणी परत आलं नाही, तोवर केस आलेले असायचे. पांढऱ्या टोप्या, क्रिकेटच्या, माकडटोप्या... सिंधू दर आठवड्याला त्या झटकून ठेवायची.

दशक्रियेच्या दुसऱ्या दिवशी मी पाटी बदलून घेतली. 'केसांचे डॉक्टर' असं ठळक लिहून घेतलं. मागच्या दाराला कुलूप घातलं, आणि सगळ्या टोप्या पुढच्या दारावर टांगल्या, रस्त्यावरून दिसतील अशा. ज्याची असेल त्यानं दिवसाउजेडी पुढच्या दारानं यावं आणि घेऊन जावी. सिंधू रोज दार उघडते, मी खुर्ची टाकून बसते.

अजून एकही टोपी हललेली नाही.