काडी उचलू न देणारी सून

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी हातातला चहा संपवा. नंतर तो घशाखाली उतरायचा नाही. माझ्या तर अजून उतरत नाही.

सासूबाईंच्या पोटात गाठ निघाली. वय शहात्तर. डॉक्टर बाई म्हणाल्या, "ऑपरेशन मोठं आहे. नुसत्या वयावरून मी ठरवत नाही. आजी रोजचं काय काय स्वतः करतात ते सांगा, त्यावरून झेपेल की नाही ते बघू."

सरळ प्रश्न होता की नाही? शहाण्या बाईनं सरळ उत्तर दिलं असतं. पण माझ्या चार वर्षांच्या ओवीला एक शिंक आली तरी मी मोबाईलवर न्यूमोनिया शोधते. घाबरले की माझं डोकं बंद पडतं आणि तोंड चालू होतं.

त्यात शेजारच्या खुर्चीत कोण? पिंपळगावहून खास आलेली नणंद! 'आईला या वयात राबवता तुम्ही,' हे ती फोनवर 'हॅलो'च्या जागी म्हणते.

"आजी स्वयंपाक करतात?"

"छे! गॅसजवळ फिरकू देत नाही मी."

"अंघोळ?"

"पाणी काढून देते, पाठ चोळून देते." गेल्या दिवाळीत एकदा तेल लावलं होतं, तेवढ्या भांडवलावर!

"बाजारहाट?"

"एकट्या उंबरा ओलांडत नाहीत. गोळ्यासुद्धा मीच हातावर ठेवते. अहो, काडी उचलू देत नाही!"

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पदर सावरत म्हणाल्या, "लय करती माझी सून." चारचौघांत घरचं झाकायचं, ही त्यांची कळवणकडची शिस्त.

मी विजयी मुद्रेनं नणंदेकडे पाहिलं. तेवढ्यात डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"मग ऑपरेशन नको. सगळंच दुसऱ्याच्या हातानं होत असेल तर त्यातून उठणं कठीण. औषधं देऊ. त्रास कमी होईल, गाठ राहील."

नणंदेनं हंबरडाच फोडला. "आई, एवढी खचलीस आणि मला कुणी सांगितलं नाही!"

मी खुर्चीतून ताडकन उठले. "डॉक्टर, मी खोटं बोलले! त्या सगळं करतात!"

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "ताई, ऑपरेशन हवं म्हणून उत्तरं बदलू नका. असं खूप नातेवाईक करतात."

घ्या! खोटं बोलले तेव्हा साक्षात सत्यवचनी, आणि खरं बोलले तर लबाड!

"आईंनाच विचारा," मी रडकुंडीला आले. "आई, सांगा ना!"

"सांगू का?" सासूबाईंनी मलाच विचारलं. तशा अवस्थेतही परवानगी! मग सुरू झाल्या. सकाळी आम्हा नवरा-बायकोचे डबे. ओवीची वेणी. तिला शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडणं. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारातून भाजी. "लिफ्ट बंद हाय ना, मग दोन पिशव्या घेऊन तीन मजले. मधी एकदा टेकते बरं का. अन् गोळ्यांचं म्हणाल तर माझ्याबी मीच घेते, अन् हिची ती थायरॉइडची गोळीबी मीच देते. ही इसरती."

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं. उठल्या. बाहेरच्या पॅसेजमधून चालवून आणलं. आल्या, आणि येताना माझी बाकावर विसरलेली पर्स घेऊन आल्या.

नणंदेचं रडणं थांबलं होतं. आता ती नुसती माझ्याकडे बघत होती. रडत होती तेच बरं होतं हो!

"झेपेल," डॉक्टर म्हणाल्या. "करू ऑपरेशन. पण नंतर दोन महिने आजींना पूर्ण आराम. तेव्हा घरचं सगळं कोण बघणार?"

मी 'मी' म्हणायला तोंड उघडलं. पण सासूबाई आधी बोलल्या. स्वतःच्या गाठीचं ऐकतानाही हलला नव्हता तो त्यांचा चेहरा आता काळजीनं पार उतरला होता.

"मग डॉक्टरीणबाई, ऑपरेशन दोन महिन्यांनी केलं तर नाय चालणार? तोवर हिला शिकवते थोडं."

डॉक्टर हसल्या. नणंदसुद्धा हसली. मी हसले नाही. कारण आई गंमत करत नव्हत्या.