परक्यांच्या मयताला जाणारे काका

दीड महिन्यापूर्वी ॲथलोनहून सुमनकाकूंचा फोन आला. "काका गेले रे," म्हणाल्या, मग हळूच विचारलं, "या परक्या गावात चार माणसं तरी जमतील ना?" दोघांना मूलबाळ नव्हतं, सगळे नातेवाईक नागपूरला. आता मी राहतो त्या डब्लिनजवळच्या मेनूथहून गाडी काढली आणि वाटेत ॲथलोनमधली मराठी घरं मनात मोजत होतो. तीन भरली.

वसंतकाका मला भेटले दोन हजार साली. मी ॲथलोनच्या एका टेलिकॉम कंपनीत नवाकोरा इंजिनिअर. कामाचा त्रास काही नव्हता, जीव जायचा तो शनिवार-रविवारी. ऑफिसातले सगळे गोड बोलायचे, "ग्रँड, ग्रँड" म्हणजे छान, छान म्हणायचे आणि आपापल्या घरी जायचे. एकदा पबमध्ये संत्र्याचा रस घेऊन कोपऱ्यात बसलो आणि उठून आलो, पुन्हा गेलो नाही. चार महिन्यांत राजीनामा लिहून ठेवला. काका आमच्याच गल्लीत राहायचे, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात नोकरी. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "बरं. उद्या काळा कोट घाल. तुमच्या कॅन्टीनमधल्या मॉरीनचे वडील गेलेत, इथल्या रेडिओवर रोज मयतं सांगतात, त्यात सकाळी ऐकलं."

"काका, मी त्यांना ओळखत नाही. बोलावलंही नाही कुणी."

"मयताचं आमंत्रण येतं होय रे तुमच्या पुण्यात?"

गेलो. उघड्या शवपेटीशेजारी घरची माणसं ओळीनं उभी, आणि गाव रांगेनं येऊन प्रत्येकाचा हात हातात घेत होतं. मीही घेतला, "फार वाईट झालं" हे काकांनी पढवलेलं वाक्य पुटपुटलो. इथवर ठीक. मग मॉरीननं चहा पुढे केला आणि मी हात जोडून ठाम नकार दिला. सुतकाच्या घरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हे आईनं बिंबवलेलं. मॉरीनचा चेहरा पडला. काकांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. "गाढवा, तुला चहा द्यायला म्हणून ती रडायची थांबलीय. घे मुकाट्यानं." दोन कप घेतले. सोमवारी कॅन्टीनमध्ये तिनं मला नावानं हाक मारली, आपल्या टेबलावर बसवलं, आणि हळूहळू बाकीचेही ओळख देऊ लागले. राजीनामा ड्रॉवरमध्येच राहिला.

काकूंना मात्र नवऱ्याच्या या परक्यांच्या मयताला जायच्या सवयीचा वैताग. "लग्नाला चला म्हटलं की यांचे गुडघे दुखतात!" मीही काकांना खूप चिडवलं. पण त्यांच्यामुळे मी या देशात टिकलो, इथे संसार मांडला. हे त्यांना तोंडावर कधी म्हणालो नाही... तेवढी एक चुटपुट राहिली.

त्या दिवशी ॲथलोनला पोचलो. अग्नी द्यायला डब्लिनला नेण्याआधी काकांना अंत्यदर्शनासाठी तिथल्या फ्युनरल होममध्ये ठेवलं होतं. बाहेर रांग होती, ती फुटपाथवरून वळून थेट पुलापर्यंत गेलेली. मुकाट शेवटी जाऊन उभा राहिलो. पुढची म्हातारी वळून म्हणाली, "माझा नवरा गेला तेव्हा आला होता तो. आमची ओळखही नव्हती."

तेवढ्यात काकू मला शोधत बाहेर आल्या. "इथे काय उभा राहिलास? रांग बाहेरच्यांसाठी असते," म्हणाल्या आणि मनगट धरून आत नेलं, पेटीजवळ आपल्या शेजारी उभं केलं. दोन तास माणसं येत राहिली. काकूंचा हात सोडला की प्रत्येक जण माझा हात धरायचा आणि म्हणायचा, तुमचं माणूस गेलं, फार वाईट झालं.