उन्हात ठेवलेला कागद

मी रंगभूमीवर होते तोवर माझे सगळे फोटो तात्यासोंनी काढले. त्यांचा शाहूपुरीतला स्टुडिओ केव्हाच बंद झाला, पण मागची अंधारखोली त्यांनी मोडली नाही. त्या दुपारी ते तिच्या दारात उभे होते. तिसऱ्या घंटेला पहिलं वाक्य विसरलेला नट विंगेत उभा असतो, तसे.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी, त्रिशला, जैन साध्वी होण्याची आर्यिका दीक्षा घेणार होत्या. मग त्या कुणाच्याच पत्नी उरणार नव्हत्या. त्याआधी त्यांचा एक फोटो व्हावा आणि त्यांनी तो स्वतः पाहावा, एवढंच तात्यासोंना हवं होतं.

फिल्मसाठी त्यांनी फार घोळ घातला. कमी उजेडात चालणारी फिल्म दाणेदार निघते, सुरकुत्या झाकते. शेवटी त्यांनी जास्त उजेड मागणारी, बारीक टिपणारी घेतली आणि मला म्हणाले,

“झुंबरबाई, तुमच्या सुरकुत्या जन्मभर लपवल्या. हिची एक बी लपवायची न्हाय.”

फोटो काढून झाला. तो छापायला कागद मात्र मऊ छटांचा हवा होता. कडक कागदावर पांढरी साडी नुसती कोरी दिसते. तसं एकच पाकीट उरलं होतं. आणि घर सोडण्याआधी कपाटं आवरताना त्रिशलांनी तेही सकाळी लोणच्याच्या बरण्यांशेजारी गच्चीवर उन्हाला ठेवलं होतं.

उजेड लागला की असा कागद वाया जातो. आतलं काळं वेष्टन उघडलंस का, असं तात्यासोंनी हळूच विचारलं.

“उघडल्याबिगर ओल जातीय व्हय?” त्या सहज म्हणाल्या.

ते पाकीट घेऊन अंधारखोलीत शिरले. उद्या सगळ्यांची क्षमा मागून निघणाऱ्या बाईला काय बोलणार?

लाल दिव्यात मी त्यांच्याशेजारी उभी राहिले. पहिला कागद औषधात पडला आणि बघता बघता काळाठिक्कर झाला. दुसराही तसाच. पुढच्याला हात लावायचं त्यांना धाडस होईना.

अखेर त्यांनी गठ्ठ्याच्या मधला कागद घेतला. कडा काळवंडू लागल्या, काळोख आत आत सरकू लागला. तात्यासो णमोकार मंत्र पुटपुटत होते. मग त्या काळोखाच्या मधोमध त्रिशलांचे डोळे उमटले, सुरकुत्या उमटल्या, पदराची घडी न् घडी उमटली. काळ्या कडा पदरापाशी येऊन थांबल्या.

फोटो पक्का झाल्यावर मी मोठ्या दिव्याकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं.

“थांबा की, बाई. दिवा लावला की दार उघडायचं, दार उघडलं की ती बघंल. बघितलं की संपलंच की सगळं.”

बाहेरून त्रिशलांनी विचारलं, झालं काय म्हणून.

तात्यासोंनी फोटो पुन्हा धुवायच्या पाण्यात बुडवला.