सुईताईचं हरवलेलं चाक

घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त काढून आणायचं, हे तिचं काम. लोक तिला सुईताई म्हणत आणि तिनेही ते नाव मुकाट्याने लावून घेतलं होतं. वय सेहेचाळीस, अंगाने काटकुळी, आणि एका जागी बसणं म्हणजे तिला शिक्षा. जेवतानाही दोनदा उठायची. सकाळी सहाला ती सायकलवर टांग मारायची. मागे कॅरिअरला बर्फाची पेटी बांधलेली, आणि दोन तासांच्या आत नमुने लॅबमध्ये पोचलेच पाहिजेत. तिला एकाच गोष्टीचा अभिमान होता: तिला दुसऱ्यांदा टोचावं लागत नसे. शीर ती डोळ्यांनी शोधतच नसे. बोटाचं टोक फिरवायची आणि नेमकी जागा लागली की थांबायची.

एका सकाळी गटारावरच्या जाळीत मागचं चाक अडकलं आणि वाकलं. ढकलत ढकलत ती मोठ्या रस्त्यावरच्या, दर्शनी काचांच्या नव्या सायकल-दुकानात गेली.

"सायकल आमच्याकडून घेतलीय का?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

"नाही."

"मग होणार नाही. आम्ही फक्त आमच्याच सायकली दुरुस्त करतो."

"अहो, चाक तर सगळ्यांचं गोलच असतं."

"नियम आहे, मॅडम."

काचेपलीकडे एक पिकल्या केसांचा कारागीर काम करत होता. त्याने चाकाकडे पाहिलं, दोन पावलं पुढे आला, मग काउंटरकडे नजर जाताच परत जागेवर जाऊन बसला.

मग ती कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानात गेली. तिथला दुकानदार मोठा गोडबोल्या. "ताई, तुमचं काम म्हणजे घरचं काम. उद्या संध्याकाळी सायकल घेऊन जा."

उद्या संध्याकाळी स्पोक संपले होते. परवा लाइट गेले होते.

"चाक सरळ करायला लाइट कशाला लागतात?"

"दिसायला नको का, ताई?"

त्यानंतर तो फोन उचलेनासा झाला. ती दारात दिसली की फोन कानाला लावायचा आणि हाताने 'थांबा, थांबा' अशी खूण करायचा. ती थांबायची, पाय हलवत, घड्याळ बघत. मग जायची.

ते आठ दिवस तिने पेटी खांद्याला लावून पायी काढले. चवथ्या दिवशी उशीर झाला आणि ऐंशी वर्षांच्या एका आजींचा नमुना खराब निघाला. पुन्हा जावं लागलं. आजींनी फक्त दुसरा हात पुढे केला. त्या रात्री सुईताई ताटातला भात नुसता चिवडत बसली. नवरा म्हणाला, "एका चाकापायी किती जीव जाळशील?" ती ताटावरून उठली आणि उगाच खिडकी पुसत राहिली.

सहाव्या दिवशी दुकानात पाहते तर सायकल हुकाला टांगलेली आणि मागचं चाकच नाही.

"आत आहे. काम चालू आहे," दुकानदार म्हणाला.

आठव्या दिवशी औषधाच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या एका सायकलीपाशी तिचे पाय थबकले. मागच्या चाकातल्या एका स्पोकला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. तो स्पोक खुळखुळायचा म्हणून तिनेच ती गुंडाळली होती, जखमेवर लावायची पट्टी. ती खाली बसून चाक फिरवायला लागली.

"बाई, माझ्या सायकलीला काय करताय?" मागून आवाज आला. भूमिती शिकवून निवृत्त झालेले एक सर होते, हातात गोळ्यांची पिशवी.

"सायकल तुमची आहे. चाक माझं आहे."

सर चिडले नाहीत. उलट त्यांचा चेहरा मोकळा झाला. "तरीच! मी कोपऱ्यावरच्या दुकानात पंक्चर काढायला दिली होती. तेव्हापासून एका बाजूला ब्रेक घासतोय. चार वेळा जाऊन आलो. दुकानदार म्हणतो, वापरून वापरून बसेल."

दोघं सायकल ढकलत दुकानात गेले. दुकानदाराने त्यांना पाहिलं आणि फोन कानाला लावला. सुईताईने तो त्याच्या हातातून सरळ काढून घेतला. फोन बंद होता.

"चाक माझं, बसवलं यांना. यांचं कुठे गेलं?"

"एक गिऱ्हाईक फार आरडाओरडा करत होतं," तो खाली बघत म्हणाला. "त्याला सरांचं दिलं. तुमचं जरा ठोकून सरळ केलं आणि सरांना बसवलं. सर शांत माणूस, म्हटलं चालवून घेतील."

"आणि मला?"

"तुम्हाला द्यायला काही उरलंच नाही."

मग तो स्टुलावर बसला आणि खरं काय ते बोलला. चाकाचं काम त्याचा थोरला भाऊ करायचा. दोघांचं बिनसलं आणि भाऊ काचेच्या दुकानात नोकरीला लागला. "हात त्याचे होते, ताई. मला पंक्चर येतं, नाहीतर बोलता येतं."

तिला त्याची कीव आली नाही. आजींचा पुढे आलेला हात डोळ्यांसमोर होता. "मग तसं पहिल्याच दिवशी सांगायचं. माणूस दुसरीकडे जातो," ती म्हणाली आणि तिने आपलं चाक काढून घेतलं, हुकावरची सायकलही उतरवून घेतली.

दुपारच्या सुट्टीत तिने थोरल्या भावाला काचेच्या दुकानाबाहेर गाठलं. तोच पिकल्या केसांचा कारागीर. दुसऱ्यांच्या सायकलींना हात लावायची त्याला बंदी होती, पण सांगायला बंदी नव्हती. "घासतं तिथे खडूने खूण करा. पलीकडच्या बाजूचा स्पोक पाव फेरा आवळा. अर्ध्याचा मोह नको," असं म्हणून त्याने खिशातला स्वतःचा पाना दिला.

सरांच्या पडवीत तीन दुपारी गेल्या. सर खडूने खुणा करत आणि ती एकेका स्पोकवर बोट दाबून ढिला कुठला, ताठ कुठला ते ओळखत बसे. पहिल्या दिवशी चाक आणखी बिघडलं आणि ती पाना टाकून तीनदा उठून गेली. तिसऱ्या दिवशी ते बऱ्यापैकी सरळ फिरलं. सरांचं चाक यायला मात्र आणखी पंधरा दिवस लागले. ते स्वतःच त्या ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाच्या घरी गेले आणि तासभर शांतपणे बोलत राहिले, तेव्हा कुठे मिळालं.

महिन्याभराने दुकानदाराने तिला रस्त्यात अडवलं. हातात एक वाकडं चाक होतं. "ताई, जरा दाखवता का? गिऱ्हाइकाला खरं सांगितलंय मी. आठवडा लागेल म्हणालोय."

"पेटीत नमुने आहेत. चारनंतर बघू."

राग अजून गेला नव्हता. तरी ती सव्वाचारला गेली, पिशवीही खाली न ठेवता उभी राहिली आणि म्हणाली, "पाना बाजूला ठेवा. आधी चाक फिरवून नुसतं बघायचं."