तात्यांना कुणी गाडीवर घेऊ नये

आमच्या लासुर्ण्यात माणूस पायी दिसला की दोनच कारणं धरतात : गाडी बंद पडली, नाहीतर बायकोशी भांडण झालं.

माझं तसलं काही नव्हतं. माझा आतड्याचा कॅन्सर बरा झाला होता. ऑपरेशन झालं, केमो संपली आणि बारामतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता रोज चालायचं आणि माणसांत राहायचं. पुढच्या तपासणीला हा जिना न बसता चढून दाखवा." आमच्या मंडळींनी, म्हणजे सुमननं, माझ्या मोटारसायकलची किल्ली ज्वारीच्या डब्यात पुरली. जिना चढेपर्यंत किल्ली नाही. (पुढाऱ्याचा माईक काढून घेतल्यासारखंच हे!)

पहिल्या सकाळी वेशीबाहेर पाऊल टाकतोय, तोच शेजारचा बापू गाडी घेऊन आडवा आला. "तात्या, बसा."

मी म्हटलं, चालायला निघालोय.

"आजारातनं उठलेल्या माणसानं चालायचं असतंय व्हय? लोक आमाला काय म्हणतील?"

बसलो. कालव्यापर्यंत नेलं, परत दारात आणून सोडलं. व्यायाम झाला, गाडीचा.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं जीपमध्ये घातलं आणि इंदापूरला कुणाच्यातरी साखरपुड्याला नेलं. चालायला गेलो आणि जिलेबी खाऊन आलो. तिसऱ्या दिवशी माळेगावच्या कारखान्याला ऊस घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरवाल्यानं वर ओढून घेतलं. दिवसभर कारखान्याच्या रांगेत बसून होतो. महिना असाच गेला.

तपासणीला बाईंनी विचारलं, चालता ना? सुमन अभिमानानं म्हणाली, सकाळी जातात ते कधीकधी दिवस मावळल्यावरच येतात. मी भर घातली, "एकदा तर माळेगावला गेलो."

"लासुर्ण्याहून?"

"गेलो एवढं खरं."

बाईंनी जिना दाखवला. पाचव्या पायरीवर मी सत्याग्रहाला बसावं तसा बसलो. परतीच्या एसटीत सुमन मोबाईल तोंडाशी धरून गावच्या ग्रुपवर बोलली, "तात्यांना कुणी गाडीवर घेऊ नये. मला त्यांना अजून लई वर्षं सांभाळायचं हाय."

दुसऱ्या दिवसापासून गाव हात हलवून पुढं जायला लागलं. चिडून मी एकदा कालव्याच्याही पुढं गेलो. परतताना पायांचं पिठलं झालं. ऊन टाळायला डोक्यावर टॉवेल घेतला आणि बापूला हात केला. बापूनं गाडी थांबवली, बंद केली आणि उतरला. "बसवायचं न्हाय म्हनल्यात काकी. संगं चालायचं न्हाय, असं कुठं म्हनल्यात?"

गाडी ढकलत तो माझ्याबरोबर चालू लागला. मागून दूधवाला आला, ट्रॅक्टरवाला मोटारसायकलवरून आला, आणखी दोघंतिघं आले. सगळे उतरले. कितीतरी महिन्यांनी माझ्याशी कुणी रिपोर्टांचं बोलत नव्हतं. उसाचं आणि पाण्याच्या पाळीचं बोलत होतं. मी दमलो की तेही सावकाश व्हायचे. उन्हामुळं एकेकानं डोक्यावर टॉवेल टाकला.

वेशीवरच्या रखमाआक्कानं ओट्यावरून काय पाहिलं? टॉवेल घेतलेली माणसं, गाड्या असून कुणी बसेना, सगळे संथ, आणि तात्या कुठं दिसेना. (मी मधोमध होतो.) म्हातारीनं माझं नाव घेऊन हंबरडा फोडला, "सदा रं माझ्या! कसा ऐटीत बसायचा रं लोकांच्या गाडीवर!"

सुमन भाकरी टाकून धावत आली. पिठाच्या हातांनी माणसं बाजूला करत आत घुसली आणि माझा दंड धरला.

"चालताय?"

"चालतोय."

तिथंच रस्त्यात बसली. रडत होती का हसत होती, अजून सांगत नाही. दंडावरचं पीठ मात्र मी दिवसभर पुसलं नाही.

पुढच्या तपासणीला जिना चढलो, न बसता. किल्ली मिळाली. पण गाडी काढली की रखमाआक्का ओट्यावरून हात करते, "उतर खाली. मला परत रडायला लावतो व्हय?"

मी मुकाट्यानं उतरतो. काय करणार? माणूस गेल्यावर लोक त्याचे गुण आठवतात म्हणे. आक्काला माझा एकच आठवला होता : चांगला बसतो!